आजार कसा घडतो हे शिकताना: पॅथोफिजिओलॉजीच्या पदव्युत्तर अभ्यासाची सुरुवात

एमडी असो, एम.एस्सी. नर्सिंग, एम.फार्म., एमपीटी किंवा मेडिकल बायोकेमिस्ट्रीतली एम.एस्सी. असो, पहिल्या वर्षाला पॅथोफिजिओलॉजी, म्हणजे शरीरात आजार कसा घडतो याचा अभ्यास, समोर येते आणि बहुतेक जण ती पदवीच्या सवयीने वाचायला घेतात. आजाराचं नाव, कारणं, लक्षणं, तपासण्या, उपचार. प्रत्येकाखाली पाच-सहा मुद्दे. या पद्धतीने पदवी मिळते. पण पुढे वॉर्डात पेशंटच्या कॉटशी उभं असताना सरांनी "याला सूज का आली?" असं विचारलं, की मुद्दे आठवतात आणि उत्तर सापडत नाही. मुद्द्यांच्या यादीत कशामुळे काय झालं हे लिहिलेलंच नसतं.

माझं सांगणं एकच आहे. प्रत्येक आजार कारण-परिणामांची साखळी म्हणून स्वतःच्या हाताने लिहून काढा आणि साखळीच्या प्रत्येक कडीपाशी थांबून विचारा, हे कुणी आणि कसं दाखवलं? पहिली सवय लागली की वॉर्ड कळायला लागतो. दुसरी लागली की संशोधन कळायला लागतं.

पहिली पायरी: निरोगी शरीराची निवडक उजळणी

फिजिओलॉजीचं अख्खं पुस्तक पुन्हा वाचायला घेऊ नका. ते अर्ध्यात सुटतं. पाच-सहा विषय पक्के करा: पेशीच्या पडद्यावरचे आयन चॅनेल आणि विद्युतभार, स्वायत्त मज्जासंस्थेचे रिसेप्टर, हृदयाचा प्रीलोड (आकुंचनाआधी हृदयात भरलेल्या रक्ताचा ताण) आणि आफ्टरलोड (रक्त बाहेर ढकलताना सोसावा लागणारा विरोध), केशवाहिनीतून पाणी बाहेर कसं जातं, मूत्रपिंड सोडियम कसा राखतं, आणि आम्ल-अल्क संतुलन. निम्म्याहून अधिक आजारांची साखळी यांतल्या कुठल्या तरी विषयातून जातेच.

पक्कं झालंय की नाही हे तपासायला सूज हा विषय घ्या. हार्ट फेल्युअरमध्ये पाय सुजतात, नेफ्रॉटिक सिंड्रोम या मूत्रपिंडाच्या आजारात चेहरा सुजतो, कुपोषित मूल सुजतं, हत्तीरोगात पाय सुजतो. चारही ठिकाणी पाणी ऊतींमध्ये साठलंय, पण वाट वेगळी आहे. हार्ट फेल्युअरमध्ये केशवाहिनीतला दाब वाढतो, नेफ्रॉटिकमध्ये आणि कुपोषणात अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन घटतं, हत्तीरोगात लसीकावाहिन्या तुंबतात. इथवर पदवीचं उत्तर झालं. आता पुढे जा. नेफ्रॉटिकमधली सूज फक्त अल्ब्युमिन कमी झाल्यानेच येत असेल, तर अशा प्रत्येक पेशंटच्या रक्तवाहिन्यांतलं रक्ताचं आकारमान घटलेलं दिसायला हवं. अनेकांमध्ये ते घटलेलं नसतं. म्हणजे मूत्रपिंड स्वतःहून सोडियम धरून ठेवतंय, हाही साखळीचा भाग आहे. केशवाहिनीच्या शिरेकडच्या टोकाला पाणी परत आत ओढलं जातं, असं आपण सगळे शिकलो. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावरच्या ग्लायकोकॅलिक्स या पातळ थराचा अभ्यास झाल्यावर कळलं, की बहुतेक ऊतींमध्ये स्थिर अवस्थेत असं होत नाही. बाहेर पडलेलं पाणी मुख्यतः लसीकावाहिन्यांतूनच परत येतं. पाठ केलेली आकृती बदलावी लागली की त्रास होतो, पण या अभ्यासाचा खरा आनंद तिथेच आहे.

सामान्य पॅथॉलॉजीची प्रकरणंही, म्हणजे पेशीला होणारी इजा, दाह, रक्त गोठणं, प्रतिकारशक्तीचे बिघाड आणि पेशींची अनिर्बंध वाढ, याच काळात वाचून घ्या. एकदा नीट वाचली की पुढे अवयवांच्या प्रकरणांत तीच तीच यंत्रणा पुन्हा भेटते.

दुसरी पायरी: साखळी लिहिणं

हे शिकायला मी कोकणातल्या विंचवाचं उदाहरण सुचवते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर केलेलं काम म्हणजे आजाराची यंत्रणा समजून त्यावर औषध शोधण्याचा धडाच आहे, आणि तो तालुक्याच्या गावात घडलाय. दंशानंतर हृदयावर परिणाम होण्याआधी दिसणाऱ्या खुणांवरचा त्यांचा लेख 1982 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला, प्राझोसिनवरचा 1986 मध्ये. डॉ. हिंमतराव बावस्करांना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली.

कागद आडवा घ्या आणि डावीकडून लिहायला लागा.

विंचवाच्या विषातलं टॉक्सिन मज्जातंतूवरच्या सोडियम चॅनेलला चिकटतं. चॅनेल उघडतो, पण वेळेवर बंद होत नाही. मज्जातंतू पुन्हा पुन्हा पेटत राहतो. त्याच्या टोकातून ॲसिटिलकोलीन आणि नॉरॲड्रेनॅलिन, तर ॲड्रेनल ग्रंथीतून ॲड्रेनॅलिन बाहेर पडत राहतं.

इथून साखळीला स्वायत्त मज्जासंस्थेच्या दोन भागांचे दोन फाटे फुटतात. पॅरासिम्पथेटिक फाट्यातून उलट्या, लाळ, कधी नाडी मंदावणं, पुरुषांमध्ये लिंगाला न थांबणारा ताठरपणा. सिम्पथेटिक फाट्यातून थंडगार हातपाय, जलद नाडी, वाढलेला रक्तदाब. दरदरून येणारा घाम कुठल्या फाट्यात लिहाल? घामाच्या ग्रंथींना जाणाऱ्या नसा सिम्पथेटिक, पण त्यांच्या टोकाला सुटतं ते ॲसिटिलकोलीन. हा बारकावा फिजिओलॉजीत एक ओळ म्हणून वाचलेला असतो. इथे तो पेशंटच्या भिजलेल्या सदऱ्यात दिसतो.

पुढची कडी. नॉरॲड्रेनॅलिन अल्फा-1 रिसेप्टरवर काम करतं, रक्तवाहिन्या आवळतात, आफ्टरलोड वाढतो. त्याच वेळी कॅटेकोलामाइन्सचा (ॲड्रेनॅलिन, नॉरॲड्रेनॅलिन) मारा हृदयाच्या स्नायूलाही इजा करत असतो. दमलेल्या डाव्या व्हेंट्रिकलला वाढलेल्या दाबाविरुद्ध रक्त ढकलता येत नाही, मागे फुप्फुसांतल्या केशवाहिन्यांतला दाब वाढतो आणि फुप्फुसांत पाणी भरतं. पेशंट दगावतो तो बहुतेक इथे. बाजूला आणखी एक बारीक फाटा काढा: कॅटेकोलामाइन्समुळे इन्सुलिनचं स्रवणं दबतं, म्हणून रक्तातली साखर चढलेली सापडते.

साखळी पूर्ण झाली की लाल पेनाने उपचार लिहा: कोणतं औषध कोणती कडी तोडतं? प्राझोसिन अल्फा-1 रिसेप्टर अडवतं. रक्तवाहिन्या सैलावतात, प्रीलोड आणि आफ्टरलोड दोन्ही उतरतात, हृदयाचं ओझं कमी होतं. मज्जातंतूच्या टोकावरचे अल्फा-2 रिसेप्टर ते मोकळे सोडतं, म्हणून नॉरॲड्रेनॅलिनच्या स्रवण्याला शरीराचा स्वतःचा लगाम शाबूत राहतो. पहिल्या डोसनंतर पेशंटला आडवं का ठेवायचं, हेही याच कडीतून कळतं: उभं केलं की रक्तदाब कोसळू शकतो.

मग न चालणारी औषधंही तपासा. ॲट्रोपिन दिलं तर? पॅरासिम्पथेटिक लगाम सुटतो, नाडी आणखी पळते. नुसता बीटा ब्लॉकर दिला तर? बीटा-2 मुळे जे थोडं वाहिनी-प्रसरण होत होतं तेही जातं, हृदयाची ताकद घटते आणि अल्फाला मोकळं रान मिळतं. "हे औषध का नको" याचं उत्तर साखळीतून देता आलं, की समजा ती साखळी तुमची झाली.

अशी एक साखळी लिहायला पहिल्यांदा अख्खी संध्याकाळ जाते. जाऊ द्या. टाइप करू नका, हाताने लिहा. फाटे काढायला, खोडायला, बाण वळवायला कागद बरा पडतो. लिहून झाल्यावर ती मैत्रिणीला किंवा घरच्या कुणाला साध्या मराठीत सांगा. "मग तसं होतं" असं म्हणून जिथे तुम्ही पुढे सरकता, तिथे कडी गायब असते. तेवढंच पुन्हा वाचा.

तिसरी पायरी: घड्याळ आणि भरपाई

साखळीत वेळ लिहिली नाही तर ती अर्धवट राहते. शरीर बिघाडाची भरपाई करायला धावतं आणि पुष्कळदा ती भरपाईच पुढे आजार होऊन बसते. रक्तस्राव झाला तर रेनिन-अँजिओटेन्सिन आणि सिम्पथेटिक यंत्रणा जीव वाचवतात. हार्ट फेल्युअरमध्ये त्याच यंत्रणा महिनोन् महिने चालू राहतात आणि हृदयाचा स्नायू झिजवतात. एके काळी हार्ट फेल्युअरमध्ये बीटा ब्लॉकर देणं चूक मानत, कारण विचार फक्त आजच्या हृदयाच्या ताकदीचा होता. 1999 मध्ये दोन मोठ्या चाचण्यांनी बिसोप्रोलॉल आणि मेटोप्रोलॉलने मृत्यू कमी होतात हे दाखवलं. औषध तेच होतं. साखळीकडे पाहण्याचा कालावधी लांबला, एवढाच फरक.

म्हणून प्रत्येक कडीखाली लिहा: सेकंद, तास, दिवस, वर्षं.

चौथी पायरी: प्रयोगशाळेच्या रिपोर्टवरून उलटं चालणं

आकड्यांपासून मागे कारणापर्यंत जाता यायला हवं. समजा, एक तरुण मुलगी धापा टाकत आली आहे. साखर 480, सोडियम 130, पोटॅशियम 5.4, क्लोराइड 96, बायकार्बोनेट 8, पीएच 7.22, रक्तातला कार्बन डायऑक्साइडचा दाब 20.

ॲनायन गॅप, म्हणजे सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्बोनेट वजा केल्यावर उरणारा आकडा, काढा: 130 वजा 96 वजा 8, म्हणजे 26. नेहमीचा 8 ते 12 धरला तर रक्तात एखादं जादा आम्ल साठलंय; इथे मधुमेहात इन्सुलिनअभावी तयार झालेले कीटोन. आता श्वासाची भरपाई पुरेशी आहे का? बायकार्बोनेटची दीडपट अधिक 8, म्हणजे 20 च्या आसपास दाब अपेक्षित, आणि तेवढाच आहे. फुप्फुसं आपलं काम करताहेत. हाच दाब 34 असता तर पीएच 7 च्या आसपास घसरला असता आणि प्रश्न बदलला असता: श्वासाचे स्नायू दमलेत का, सोबत न्यूमोनिया आहे का?

सोडियम 130 दिसतो, पण साखरेने पेशींतलं पाणी बाहेर ओढलंय. साखरेच्या 100 च्या वरच्या प्रत्येक 100 मागे 1.6 मिळवले की सोडियम 136 वर येतो. पोटॅशियम 5.4 पाहून मात्र सगळ्यात जास्त लोक फसतात. इन्सुलिन नाही, पेशींमधलं पाणी बाहेर ओढलं गेलंय, त्यामुळे पोटॅशियम पेशीबाहेर आलाय आणि रक्तात भरपूर दिसतोय. प्रत्यक्षात लघवीवाटे तो कितीतरी गेलेला असतो, शरीराचा साठा रिकामा होत चाललेला असतो. इन्सुलिन दिलं की उरलेला पोटॅशियम पेशींत शिरणार आणि रक्तातला धोकादायक पातळीला उतरणार. म्हणूनच कीटोॲसिडोसिसमध्ये पोटॅशियम आधीच कमी असेल तर इन्सुलिन थांबवून आधी पोटॅशियम भरतात. हा नियम पाठ असणारे पुष्कळ भेटतात. तो का आहे हे सांगता येणारे विद्यार्थी आकडा विसरले तरी पेशंटला इजा करत नाहीत.

पाचवी पायरी: एकच दोष, वेगवेगळे आजारी

आता सिकल सेल घ्या. विदर्भात आणि नंदुरबारमध्ये काम करणाऱ्याला तो टाळताच येत नाही. लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी 1949 मध्ये दाखवलं, की या पेशंटचं हिमोग्लोबिन रेणूच्या पातळीवरच वेगळं आहे. व्हर्नन इन्ग्रमने पुढच्या दशकात फरक एका अमिनो आम्लापर्यंत नेला: बीटा साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. ऑक्सिजन सुटला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब तंतू बनवतं, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक वाहिन्या तुंबतात, पेशी लवकर फुटते.

साखळी इतकी स्वच्छ आहे, की सगळे पेशंट सारखेच आजारी असायला हवेत. तसं दिसत नाही. एकाच घरातली दोन भावंडं, जनुकातला दोष तोच, एक वर्षानुवर्षं शाळेत जातंय आणि दुसरं दर दोन महिन्यांनी असह्य दुखण्याने दाखल होतंय. इथे पदव्युत्तर प्रश्न सुरू होतो: साखळीचा वेग कोण ठरवतं? गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन एफ किती उरलंय, सोबत अल्फा थॅलेसेमिया आहे का, जंतुसंसर्ग, पाणी कमी पिणं, थंडी. भारतात आढळणाऱ्या अरब-इंडियन हॅप्लोटाइपमध्ये (एकत्र वारशाने येणाऱ्या जनुकीय खुणांच्या संचामध्ये) हिमोग्लोबिन एफ तुलनेने जास्त राहतं. तेवढ्यावरून "आपल्याकडचा सिकल सेल सौम्य" असं सरसकट शिकवलं जातं, ते मला पटत नाही. विदर्भातल्या मुलांमध्ये गंभीर आजारही दिसतो, आणि सौम्य समजून दुर्लक्ष झालं तर किंमत ते मूल मोजतं.

उपचार पुन्हा लाल पेनाने लिहा. हायड्रॉक्सियुरिया हिमोग्लोबिन एफ वाढवतं. 2023 च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झालेली जनुक-संपादनाची उपचारपद्धती बीसीएल11ए या जनुकाचा तांबड्या पेशींतला प्रभाव कमी करून तेच साधते. व्होक्झेलोटर नावाचं औषध हिमोग्लोबिनला ऑक्सिजन धरून ठेवायला लावत होतं, म्हणजे तंतू बनण्याची कडीच तोडत होतं. रक्ताचा आकडा वाढला, 2019 मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. 2024 मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतलं, कारण जमा झालेल्या माहितीत दुखण्याचे झटके आणि मृत्यू यांची चिंता दिसत होती.

सहावी पायरी: पटणारी साखळी आणि सिद्ध झालेली साखळी

व्होक्झेलोटरसारखा आणखी जुना धडा कॅस्ट या चाचणीचा. हार्ट ॲटॅकनंतर हृदयाचे जादा ठोके पडतात, असे ठोके पडणाऱ्यांमध्ये अचानक मृत्यू जास्त. मग ठोके दाबणारं औषध दिलं तर मृत्यू कमी होतील, हे कुणालाही पटेल. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइडने ठोके खरोखरच दाबले. पण 1989 मध्ये कळलं, की औषध घेणाऱ्या गटात मृत्यू जास्त झाले. कडी आणि कडी यांच्यामधला बाण आपण काढलेला असतो. निसर्गाने तो काढलेला असेलच असं नाही.

यासाठी कागदावर तीन रंगांचे बाण वापरा. माणसांवरच्या यादृच्छिक (चिठ्ठी टाकल्यासारखे गट पाडलेल्या) चाचणीने दाखवलेला बाण एका रंगात, प्राण्यांवर किंवा पेशींवर दाखवलेला दुसऱ्या, आणि फक्त संबंध दिसतोय, कारण सिद्ध नाही, तो तिसऱ्या. पुस्तकातल्या आकृत्यांमध्ये सगळे बाण एकाच रंगाचे असतात, आणि नवख्याचा घोटाळा होतो तो यानेच.

उंदरांवरच्या बाणांबद्दल विशेष सावध राहा. तीव्र दाहात उंदराच्या जनुकांचा प्रतिसाद माणसाशी फारसा जुळत नाही, असा निष्कर्ष 2013 मध्ये अमेरिकेच्या नॅशनल ॲकॅडमीच्या नियतकालिकात आला. त्याच नियतकालिकात दोनच वर्षांनी दुसऱ्या गटाने तीच माहिती वेगळ्या पद्धतीने तपासून उलट निष्कर्ष मांडला. दोन्ही लेख शेजारी ठेवून वाचा. कोणती जनुकं मोजायची हे निवडण्यातच निष्कर्ष कसा दडलेला असतो, हे त्यातून जितकं कळतं तितकं संशोधनपद्धतीच्या तासाला क्वचित कळतं.

शोधनिबंध वाचताना आधी निष्कर्ष वाचू नका. काय मोजलं ते शोधा. बावस्करांचीच 2011 ची बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकातली चाचणी घ्या: 70 पेशंट, अर्ध्यांना प्राझोसिन, अर्ध्यांना प्राझोसिन आणि विंचूदंशावरचं प्रतिविष (अँटीव्हेनम). दहा तासांत पूर्ण बरे झालेले दुसऱ्या गटात 35 पैकी 32, पहिल्या गटात 35 पैकी 8. फरक मोठा आहे. आता स्वतःला विचारा: मोजलं काय? बरं व्हायला लागलेला वेळ. कोणाला काय दिलंय हे डॉक्टरांना ठाऊक होतं का? हो, चाचणी खुली होती. मग प्रतिविष साखळीची कुठली कडी तोडतं, आणि दंशानंतर किती वेळाने ते दिलं तर ती कडी तोडण्यासारखी उरलेलीच नसेल? असे प्रश्न जर्नल क्लबात विचारायला लागलात की सादरीकरणाची भीती जाते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम तिसऱ्या रंगाचा बाण पहिल्या रंगाकडे कसा न्यायचा यासाठी वाचा. 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि ब्रिटनच्या जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो आला: दोघांचा बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजन) 22.3, पण शरीरातली चरबी युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. भारतीय माणूस सडपातळ दिसूनही मधुमेहाकडे का झुकतो, या प्रश्नासाठी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांपासून सुरुवात करून त्यांच्या मुलांना वर्षानुवर्षं तपासलं गेलं. संबंधापासून कारणापर्यंत जायला किती धीर लागतो, हे तिथे दिसतं.

पहिल्या सत्रासाठी कोणते आजार घ्यावेत

सगळा अभ्यासक्रम साखळ्यांत लिहायला वेळ पुरणार नाही. सहा आजार पुरे, फक्त ते वेगवेगळ्या यंत्रणांचे हवेत. हार्ट फेल्युअर, भरपाईसाठी. कीटोॲसिडोसिस, चयापचयासाठी. सिकल सेल, रेणूसाठी. क्षयरोग, कारण ग्रॅन्युलोमा (जंतूंना कोंडून ठेवणारी पेशींची गाठ) टिकवायला टीएनएफ हा दाह वाढवणारा रेणू लागतो आणि संधिवातासाठी तो अडवणारी औषधं आल्यावर दबलेला क्षय उफाळून आला. प्रतिकारशक्तीचा इतका उघड पुरावा दुसरीकडे सहज मिळत नाही. डेंग्यू, कारण ताप उतरताना केशवाहिन्या गळू लागतात आणि नातेवाईक नेमके तेव्हाच निर्धास्त होतात. तिथे सूजेचं प्रकरण आणि ग्लायकोकॅलिक्स पुन्हा कामाला येतात. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग, कारण एका गुणसूत्रातल्या बदलापासून 2001 मध्ये आलेल्या इमॅटिनिब या औषधापर्यंतची वाट एका पानावर मावते.

आठवड्याला एक साखळी, शनिवारी दोघा-तिघांत बसून तपासणी, आणि त्या आठवड्यात वॉर्डात तो पेशंट असेल तर त्याच्या फाइलवर साखळी लावून बघणं, एवढी चाल ठेवा. पॅथॉलॉजी विभागात क्लिनिकोपॅथॉलॉजिकल कॉन्फरन्स होत असेल तर ती चुकवू नका, आणि जाण्याआधी केस वाचून तुमची साखळी लिहून खिशात ठेवा. मूळ शोधनिबंधांसाठी पबमेड सेंट्रल या संकेतस्थळावर पुष्कळ काही मोफत मिळतं. बाकीच्यांसाठी ग्रंथपालांना विचारा, महाविद्यालयाकडे कुठली नियतकालिकं येतात हे विद्यार्थ्यांना बहुधा माहीतच नसतं. सातवी साखळी तुमच्या प्रबंधाच्या विषयाची ठेवा आणि ती सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) लिहिण्याआधी काढा. तिच्यातला तिसऱ्या रंगाचा जो बाण तुम्हाला सर्वांत जास्त खटकेल, त्यावरून गाइडशी बोलायला सुरुवात करा.